घरातच ‘गाडी लागते’ तेव्हा
लखनौच्या हिवाळ्यातल्या धुरकट धुक्यात दम्यामुळे माझे पहाटेचे फिरणे बंद झाले. मुलाने छोटा ट्रॅम्पोलिन आणून दिला. पण दोन मिनिटे उड्या मारताच मळमळू लागे. लहानपणी एस.टी. लागायची, अगदी तसेच! डॉक्टर म्हणाले, “कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाचा आणि डोळ्यांचा निरोप जुळत नाही, म्हणून असे होते.” आता जेवणानंतर दोन तास जाऊ देते. नजर समोरच्या ‘कालनिर्णय’वर खिळवते. पावले जाळीवरून न उचलता हलकेच झुलते आणि मळमळण्याआधीच थांबते. दर आठवड्याला एकेक मिनिट वाढवत दहापर्यंत पोहोचले आहे. स्वस्थ बसूनही गरगरत असेल, तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावे.