खडक लागला, पण तळ?

आमच्या देशावर घराचा पाया खणायला फारशी विद्या लागत नाही. पहार खणकन वाजली की गवंडी घाम पुसतो, 'लागला कातळ' म्हणतो आणि यजमान पुढच्या खर्चाच्या काळजीला लागतो. त्या एका आवाजाच्या भरवशावर किती वाडे उभे राहिले, याची गणती नाही. मीही त्याच आवाजावर वाढलो. पण कॅनडात विनिपेगला येऊन जमिनीच्या तपासण्या करू लागलो, तेव्हा कळले की खडक लागणे आणि तळ लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

इथली जमीन इथे जन्मलेली नव्हे. गेल्या हिमयुगात मैलाहून जाड बर्फ या मुलखावरून सरकला. वाटेत जे सापडले ते, धोंडे, वाळू, माती, त्याने खरवडून बरोबर घेतले आणि जाताना इथे टाकून दिले. या खिचडीला इंग्रजीत 'टिल' म्हणतात. पुढे बर्फ वितळला, पाणी अडले आणि अगासी नावाचे प्रचंड सरोवर झाले. सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी तेही आटले. त्याच्या तळाच्या गाळावर आजचे विनिपेग वसले आहे. वर चिकणमाती, तिच्याखाली टिल आणि त्याखाली चुनखडीचा खरा खडक. ही चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. थेट आपल्या काळ्या रानासारखी! परमुलखात गाववाला भेटावा आणि तो नेमका गावातला भांडखोर निघावा, तसे मला झाले.

या मातीचा हिसका शहराने १९१३ साली पाहिला. जवळच्या ट्रान्सकोना येथे रेल्वे कंपनीने धान्याचे काँक्रीटचे कोठार बांधले होते. त्यात ६५ कणग्या होत्या आणि एकूण १० लाख बुशेल धान्य मावत असे. सुमारे पावणेनऊ लाख बुशेल भरले असताना, १८ ऑक्टोबरला, ते तासाभरात फूटभर खचले आणि एका दिवसात सुमारे २७ अंशांनी कलंडले. नवल असे की एवढे होऊनही ते मोडले नाही. पुढे खाली खडकापर्यंत खांब उतरवून, जॅक लावून ते सरळ केले आणि पुन्हा वापरातही आले.

बांधण्यापूर्वी तपासणी झाली नव्हती, असे मात्र नाही. पायाच्या पातळीवर लहानशी पट्टी ठेवून, तिच्यावर वजन घालून पाहिले होते आणि माती टिकली होती. पण लहान पट्टीचा दाब दोन-चार फुटांत विरतो. ७७ फूट रुंद पायाचा दाब खूप खोल पोचतो. वरची माती घट्ट होती आणि मऊ माती तिच्याखाली दडली होती. शेजारी बोअर घेऊन ती नीट पाहिली गेली १९५१ साली. उशी दाबून गादी पारखण्याचाच हा प्रकार!

माझ्या वाट्याला एका शाळेची नवी इमारत आली होती. हिवाळ्याचे दिवस, श्वासाचाही बर्फ होत होता. एका बोअरमध्ये ४० फुटांवर यंत्र अडले. ड्रिलर जुना, हाताखालून शेकडो बोअर गेलेला. "खडक," तो म्हणाला आणि नळ्या उचलायला वळला. शाळेच्या समितीचे गृहस्थ शेजारी उभे होते. फुटाफुटाचा हिशेब त्यांच्या वहीत होता आणि वाचणारा पैसा मुलांच्या पुस्तकांना जाणार होता. त्यांना थांबायचे होते, यात काय चुकले? तरीही मी हिऱ्याचे पाते लावून गाभा काढायला सांगितले.

गाभा वर आला तो गुलाबी ग्रॅनाइटचा. इथला खडक फिकट चुनखडीचा. ग्रॅनाइटचा मुलूख दूर पूर्वेला. म्हणजे हा यजमान नव्हे, बर्फाच्या पाठीवर बसून आलेला पाहुणा! चार फुटांनंतर पाते मऊ टिलमध्ये घसरले. खरा खडक त्याच्याही बराच खाली लागला आणि तोही दहा फूट कापून पाहिल्यावरच मी सही केली. एक खांब धोंड्यावर आणि शेजारचा खडकावर टेकला असता, तर इमारत एका बाजूने खचून भिंती तडकल्या असत्या.

त्या गृहस्थांनी गुलाबी तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, "एवढ्या लांबून हा आम्हांला फसवायला आला?" मग हसून त्यांनी वहीत पुढचे फूट मांडले.

आमच्या धंद्याचे दुर्दैव हेच की घडले नाही त्याचेच आम्ही पैसे मागतो. न पडलेली भिंत कुणाला दाखवता येत नाही. माणसांतही असे धोंडे भेटतात: पहिल्या ठोक्याला खणखणीत वाजणारे आणि खाली पोकळ. त्यांच्यावर आयुष्य उभे करण्याआधी चार फूट अधिक खोल जावे, एवढेच या मातीने मला शिकवले. शाळा उभी आहे. मुले तिच्या जिन्यावरून धडाधड धावतात. खालच्या पाहुण्याची त्यांना वार्ताही नाही आणि तेच बरे.