देवबागच्या होडीसाठी आणायचे सामान

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

होडीच्या सामानाची यादी पोहोचली. फिश-फाइंडर, एलईडी पट्ट्या, मोबाइल चार्जर, शिवाय पर्यटकांसाठी स्पीकर! आजोबांच्या वेळचे पंधरा एचपीचे टू-स्ट्रोक इंजिन एवढा गोतावळा पोसणार कशावर, ते मात्र यादीत दिसले नाही.

अशा छोट्या इंजिनात फ्लायव्हीलखाली एक लायटिंग कॉइल असते. दोरी ओढून सुरू होणाऱ्या काही इंजिनांत तीही नसते, म्हणून आधी झाकण उघडून बघावे. कॉइलमधून निघते ती एसी वीज. बॅटरीला हवी डीसी. मध्ये रेक्टिफायर-रेग्युलेटर नसेल तर बॅटरी नवीकोरी असली तरी आठवड्यात बसते. आणि कॉइल 80 वॅटची धरली तरी 12 व्होल्टला जेमतेम साडेसहा अँपिअर देणार, तेही इंजिन जोरात फिरताना. कारली नदीच्या मुखाशी डॉल्फिन शोधत होडी संथ चालते, तेव्हा तर फारच कमी. फिश-फाइंडर आणि रात्रीचा दिवा तेवढ्यात भागतात. स्पीकर वगळावा, डॉल्फिनही आभार मानतील.

पैसे घालायचे ते पेट्रोलच्या वाटेवर. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल शोषते. टाकी पावसाळाभर तशीच पडून राहिली तर इथेनॉल आणि पाणी एक होऊन तळाशी बसतात, आणि इंजिन नेमके तेच आधी ओढते. जुन्या रबरी नळ्यांनाही ते सोसत नाही. त्या आतून फुगतात, सुटतात, आणि त्यांचा चुरा कार्ब्युरेटरमध्ये जाऊन अडकतो. म्हणून इथेनॉल सोसणारी नवी नळी, नवा हातपंपाचा बल्ब (त्यावरचा बाण इंजिनाकडे), आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर.

यादीत नसलेली आणखी एक वस्तू म्हणजे मनगटाला अडकवायची लाल दोरी. ती नसेल तर चालक पाण्यात पडला तरी इंजिन थांबत नाही. हातातून सुटलेला दांडा एका बाजूला वळतो आणि होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. दोरी ओढली गेली की इंजिनाच्या स्विचवरची तिची क्लिप निसटते, इंजिन बंद. अमेरिकेत अशी सोय असलेल्या 26 फुटांखालच्या होड्यांवर, होडी वेगात असताना ती वापरणे 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचे आहे. आपल्याकडे ती बहुधा खिळ्याला टांगलेली असते. जुन्या इंजिनाला बंद करायचे नुसते बटण असेल तर बहुतेक वेळा त्याच वायरींना जोडून क्लिपचा स्विच बसवता येतो. खर्च स्पीकरपेक्षा कमी.

इंजिनाला गंजापासून वाचवणारा अ‍ॅनोडचा ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा. देवबागला भरतीला खारे आणि पावसात गोडे, दोन्ही पाणी येते. जस्त गोड्या पाण्यात निकामी होते. रंगवाल्याला बजावून ठेव, ठोकळ्यावर रंगाचा हात फिरला की तो कामातून गेला.

बॅटरी मागे इंजिनाशेजारी नको. लाकडी होडीचा मागचा भाग आधीच जड आहे, तो आणखी बसेल. मधल्या फळीखाली झाकणाच्या डब्यात घट्ट बांधावी, वायर कथिल चढवलेली घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा