गाळाचा कानोसा

जोराचा पाऊस झाला की लासलगावच्या शिवारातले ओढे गढूळ होऊन धावतात. खालच्या बांधाशी अडलेला गाळ मुठीत दाबावा. ओला असताना तो बोटांच्या फटींतून निसटतो आणि वाळला की त्याला भेगा पडतात. कांदा पोसणारी माती ती हीच. बाजार समितीतला क्विंटलचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो, पण बांध फोडून गेलेल्या मातीचा हिशेब कुठल्याच वहीत सापडत नाही. त्यातली बरीच वाटेतल्या धरणा-बंधाऱ्यांमागे साठते. उरलेली गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरात.

‘वाहून गेली’ म्हणून आपण तिचा नाद सोडतो, हे मला पटत नाही. 2006 साली कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर समुद्रतळ खोदला गेला. त्या गाळात दख्खनच्या काळ्या दगडाची खूण मिळाली, आणि गेल्या सुमारे चार हजार वर्षांत ती वाढत गेलेली दिसली. संशोधकांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी आणि पसरत गेलेल्या शेतीशी लावला.

पण सगळा समुद्र कोण खोदणार? म्हणून आवाज. जहाजाच्या तळातून ध्वनीचा ठोका सोडायचा. पाण्यात तो सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, परतायला लागलेल्या वेळेवरून खोली कळते. मला मात्र सरळ परतणाऱ्या आवाजापेक्षा विखुरलेला आवाज मोलाचा वाटतो. खोली कुणीही सांगेल, तळाशी काय आहे ते हा सांगतो. वाळूवरून बराचसा आवाज वरच्यावरच परततो. मऊ चिखलात तो आत शिरतो, शिंपल्यांचे तुकडे, किड्यांची बिळं यांवर आपटतो आणि निफाडच्या थंडीतल्या धुक्यात गाडीचा उजेड फाकावा तसा चहूकडे फाकतो.

गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत बिश्वजित चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यासमोर 33 आणि 210 किलोहर्ट्झच्या ध्वनीने हा विखुरलेला आवाज मोजला. कमी वारंवारतेचा आवाज गाळात खोलवर उतरतो, जास्तीचा वरच्या थरातच विरतो. मग तिथलाच गाळ वर काढून त्याचे कण तपासायचे. कानाने ऐकलेलं हाताने पडताळण्याची ही रीत मला फार आवडते.

कानालाही मर्यादा आहेच. चिखलात कुजणाऱ्या पाचोळ्यातून मिथेन सुटतो. बुडबुडे थोडे असले तरी आवाज तिथेच अडतो, खालचे थर झाकले जातात. 2006 ची ती खोदाईसुद्धा वायूच्याच शोधात झाली होती. आपल्या मातीची हकिगत तिच्यात ओघाने हाती आली.