आप्पांचा टेम्पो, आक्काचा डबा

सुरत सपाट आहे. तापीने आणून टाकलेल्या गाळावर वसलेलं शहर. खणलं की माती, आणखी खणलं की आणखी माती. लिंबायतच्या आमच्या गल्लीतल्या पोरांना दगड ठाऊक होता तो रुळांखालच्या खडीचा, आणि उंची ठाऊक होती ती पांडेसऱ्याच्या मिलांच्या धुराड्यांची. निम्मी घरं नंदुरबार-धुळ्याकडची, उरलेली जळगावकडची. सगळ्यांचे बाप एक तर लूम्सच्या खात्यात, नाहीतर रिंग रोडच्या कापड मार्केटात. बारा-बारा तासांच्या पाळ्या; खाट तीच, दिवसा एक झोपणार आणि रात्री दुसरा. अशा गल्लीत ‘सहल’ म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

आप्पांना काढलंही. ते आमच्या नात्यातले नव्हते. साक्री तालुक्यातले, सातवी पास, खात्यात मास्टर. शटल अडकलं, बीम चढवताना काही बिनसलं की हाक आप्पांना. शेठचा त्यांच्यावर जीव, म्हणून सुट्टीच्या दिवशी कापडाचे ताके वाहायचा टेम्पो त्यांना मिळायचा. डिझेलची वर्गणी घरटी. ज्याला जमलं नाही त्याचं आप्पा घालायचे आणि कुणाचं घातलं हे बोलायचे नाहीत. टेम्पोत रिकामी पोती अंथरायची, वर ताडपत्री. खळीचा आणि मशीनच्या तेलाचा वास डांगातलं वाघई येईपर्यंत नाकातून जायचा नाही.

हे १९८८-८९ च्या सुमाराचं. पोरगे पहिल्या हाकेला टेम्पोत चढले. पोरींचं तसं नव्हतं. माझ्या वडिलांनी दारातच सांगितलं, “आप्पा, पोरीची जात आहे.” आप्पा वाद घालत बसले नाहीत. परत गेले आणि आक्काला पाठवलं. आक्का म्हणजे त्यांची बायको. ती वडिलांशी बोललीच नाही. सरळ आत येऊन आईपाशी चुलीजवळ बसली. काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आईने माझी वेणी घातली.

दक्षिण गुजरातच्या पूर्वेला डांग आहे आणि डांगाच्या पलीकडे लगेच आपलं बागलाण. मधली हद्द कागदावर; १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला एवढंच. डोंगर एकच, माणसंही एकमेकांच्या सोयऱ्यातली. आक्का अहिराणीत बोलायची, वाघईच्या बाजारातली डांगी बाई तिच्या बोलीत, आणि दोघींचा नागलीच्या पिठाचा सौदा बिनबोभाट पार पडायचा. आम्ही शाळेत मराठी, गल्लीत अहिराणी, दुकानात गुजराती आणि सिनेमात हिंदी वापरणारी पोरं. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही.

टेम्पो मिळाला नाही तर बिलिमोऱ्याहून छोटी गाडी. गायकवाडी अमलात, १९१३ च्या सुमाराला, डांगातलं सागवान खाली आणायला घातलेली ही नॅरोगेज लाईन. ६३ किलोमीटरला ती निवांत तीन तास घ्यायची. आता तिला वातानुकूलित डबा लागतो आणि लोक हौसेने तिकिटं काढतात. तेव्हा तिच्यात कोंबड्या, लाकडाच्या मोळ्या आणि आम्ही. उनाईला उतरलं की गरम पाण्याचं कुंड. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून पाणी काढलं अशी कथा आहे. आप्पा कथाही सांगायचे आणि पुढे जोडायचे, की पाणी भेगांतून खूप खोल जातं, पोटात तापतं, वर येतं. “खाली भट्टी पेटलेली नाही, भिऊ नका.” वाघईजवळ आंबापाड्याला गिरा धबधबा. नदीचं पाणी रुंद काळ्या कड्यावरून पडतं, आणि पावसाळ्यात त्याचा तुषार काठावरच्या टपऱ्यांपर्यंत येतो. तिथे उभं राहून आप्पांनी आम्हाला पहिल्यांदा डोंगर वाचायला लावला.

“मोजा, किती ताके रचलेत?”

समोरच्या डोंगराला खरंच आडवे थर होते. काळा उभा कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. मार्केटात हमाल एकावर एक ताके रचतो तशी थप्पी. सुरतेच्या पोरांना यापेक्षा वेगळं काही सांगायची गरज नव्हती. प्रत्येक ताका म्हणजे लाव्ह्याचा एक लोंढा. तो थंड झाला, काही काळ गेला, वर माती झाली, मग पुढचा लोंढा आला. दोन कड्यांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाची पट्टी दिसते, ती त्या मधल्या मातीची, वरून आलेल्या तापाने भाजलेली. ही अक्कल आप्पांना साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याला, साल्हेरवाडीत मिळाली होती. नाशिककडच्या कुठल्याशा कॉलेजची भूगर्भशास्त्राची मुलं तिथे आली होती, आप्पा दिवसभर त्यांच्या मास्तरांच्या मागे फिरले आणि सगळं डोक्यात भरून आणलं.

पुढे मी भूगोल घेऊन शिकले आणि आप्पांचं बोलणं तपासून पाहिलं. बहुतेक सगळं बरोबर होतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पसरत गेला; झिजून झिजून आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. म्हणून आपल्याकडे धूर ओकणारे निमुळते सुळके नाहीत, सपाट माथे आणि पायऱ्या आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजचं प्रकरण वेगळं. तिथे समुद्रतळ खंडाखाली सरकतो आहे, खोलवर खडक वितळतो आणि एकेका तोंडातून वर येतो. म्हणून कोटोपाक्सीसारखा ५,८९७ मीटरचा नीटस शंकू उभा राहतो आणि अधूनमधून खवळतो. किटो शहरातले लोक सकाळी निघून तो पाहून संध्याकाळी घरी येतात. आम्हीही तेच करत होतो, फक्त आमचा ज्वालामुखी कधीच विझलेला होता आणि गाडी ताक्यांची होती.

आमच्या दगडाचीही एक भेग उघडी दिसते. भुसावळच्या गाडीने नवापूर सोडलं की नंदुरबारपर्यंत खिडकीतून काळ्या सरळ भिंती दिसत राहतात, मैलोन्‌मैल, कुणी बांधून काढल्यासारख्या. भेगेतून वर येता येता लाव्हा आतच थिजला, आजूबाजूचा मऊ दगड झडला, आणि भिंत राहिली. आजोळी जाताना मी त्या लहानपणापासून पाहत आले होते. आप्पांनी सांगितल्यावर त्या दिसायला लागल्या.

साल्हेर मात्र दिवसाचा प्रवास म्हणजे जुलूमच. रात्री निघायचं, आहव्यावरून बागलाणात शिरायचं, उजाडता चढायला लागायचं. १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. कड्यात कोरलेल्या पायऱ्या, दरवाज्यांमागून दरवाजे, वर गंगासागर तलाव, आणि शेवटच्या टेकाडावर परशुरामाचं देऊळ. इथूनच त्याने बाण सोडून समुद्र हटवला म्हणतात. १६७० मध्ये सुरत लुटून परतताना शिवाजी महाराज बागलाणातूनच गेले, १६७१ मध्ये साल्हेर घेतला, आणि १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी पायथ्याशी मोगलांना उघड्या मैदानात मोडलं. सुरतेच्या शाळेत शिकणाऱ्या मराठी पोराला लुटीबद्दल वर्गात ऐकून घ्यावं लागतं; साल्हेरबद्दल त्याला कुणी काही सांगत नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात साल्हेर आहे हे वाचलं तेव्हा आप्पा हवे होते असं वाटलं. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

आप्पांच्या तेराव्याला गल्लीतली जुनी पोरं जमली होती. कुणी इंजिनिअर, कुणाचं स्वतःचं खातं, एक जण पोलिसात. प्रत्येकाने आप्पांनी डोंगर कसे दाखवले ते सांगितलं. मीही सांगितलं. आक्का पंगतीत वाढत होती. ती माझ्या ताटात भात घालून पुढे सरकली, आणि तिच्या पाठीकडे बघता बघता माझ्या मनात आलं, की कुठल्याच गडावर, कुठल्याच माथ्यावर आक्का बरोबर असल्याचं मला आठवत नाही.

ती खाली असायची. साल्हेरवाडीत, गिऱ्याच्या काठावर, सापुताऱ्याच्या तळ्यापाशी. चपला, पिशव्या, कळण्याच्या भाकऱ्यांचं गाठोडं, ठेचा, भरताची वांगी, तीन दगडांची चूल. तिला चढता येत नव्हतं असं नाही. चैत्रात ती गावाहून पायी सप्तशृंगीला जायची, गडाच्या पाचशेवर पायऱ्या चढायची. एकदा मी विचारलं होतं, तुम्ही वर का येत नाही? “मी वर वनू ते आठे कोन बशी?” एवढंच म्हणाली आणि वांगी उलटवली.

कोण बसणार, हा प्रश्न आईच्या पिढीच्या बायकांना कळत होता. साल्हेरच्या वाटेवर अर्ध्यात एका मुलीला पाळी आली, पहिलीच. ती रडत होती, बरोबरचे पोरगे हसत होते की नाही ते कळत नव्हतं, आप्पा दुसरीकडे बघत होते. आम्ही दोघी तिला घेऊन खाली आलो. आक्काने काही विचारलं नाही. पिशवीतून धुतलेलं जुनं लुगडं काढलं, घडी घालून दाखवली, आडोशाला नेलं, पाणी गरम करून दिलं, आणि मग तिला भाकरी थापायला बसवलं. दोन तासांनी पोरगे खाली आले तेव्हा ती मुलगी चुलीपाशी बसून त्यांनाच ओरडत होती, की हात धुऊन या. ते लुगडं आक्का प्रत्येक सहलीला आणायची. पहाटे चारला आमच्या आयांनी वेण्या घातल्या त्या ह्या लुगड्याच्या भरवशावर; आप्पांच्या लाव्ह्यावर नव्हे.

कॉलेजात मी जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्टचं वाचलं होतं. जून १८०२ मध्ये तो अँडीजमधल्या चिंबोराझोवर चढला, त्या वेळी जगातलं सर्वांत उंच समजलं जाणारं शिखर. श्वास लागला, हिरड्यांतून रक्त आलं, माथा गाठता आला नाही, तरी युरोपभर नाव झालं. बर्फाच्या रेषेपाशी बरोबरचे बहुतेक स्थानिक वाटाडे मागे राहिले, असं त्याच वर्णनात येतं. वर्गात हा धडा घेताना मी तिथे थांबते आणि मुलींना विचारते, की मागे राहिलेल्यांनी काय केलं असेल? एक जण दरवर्षी म्हणते, “स्वयंपाक.” वर्ग हसतो.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्या मुली आजही लिंबायत-डिंडोलीच्याच, बाप आजही खात्यात, आणि सहलीच्या चिठ्ठीवर सही आणायला आजही तितकाच वेळ लागतो. आप्पांचं देणं फेडणं तसं सोपं आहे. मुलींना गिऱ्यापाशी उभं करायचं आणि ताके मोजायला लावायचे. ते मी करते. आक्काचं कसं फेडायचं ते कळत नाही, कारण तिने दिलेलं दाखवायला काही नाही. सहलीला एक बाई शिपाई खाली थांबायलाच हवी, तिचा भत्ता वेगळा हवा, एवढं मी लेखी मागून घेतलं आहे. दर वर्षी त्यावर कुणीतरी विचारतं, वर न चढणाऱ्या माणसाचा सहलीत काय उपयोग. दर वर्षी मी भांडते.

आक्का आता ऐंशीच्या घरात आहे. सप्तशृंगीवर २०१८ मध्ये ट्रॉली सुरू झाली, तिच्यातून मी तिला वर नेलं. तिला ते आवडलं नाही. दोन मिनिटांत देवी भेटली तर नवस कसला, म्हणाली.

मागच्या महिन्यात तिने मला एक पत्र्याचा डबा दिला. आत दगड. साल्हेरवाडीची पोरं विहिरीच्या खोदकामातून निघालेले विकायची. काळ्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांची फुलं, झिओलाइट. लाव्ह्यातल्या वाफेचे बुडबुडे रिकामे राहतात, आणि त्यांत पाणी झिरपून झिरपून ही फुलं धरतात. आप्पा आठ-आठ आण्यांना घ्यायचे, आक्का बोल लावायची. मिठी खाडीचं पाणी एका पावसाळ्यात गल्लीत शिरलं तेव्हा मात्र धान्याच्या कोठ्या खाली ठेवून तिने हा डबा माळ्यावर चढवला होता. दगड पाण्यात विरघळत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं की तिने ऐकलं नव्हतं, कोण जाणे.

मी ते शाळेच्या काचेच्या कपाटात मांडले, चिठ्ठ्या लावल्या. काल रात्री तिचा फोन.

“दगडं ठी ले. डबा धाडी दे. नवी बाजरी कसामा भरू?”