सहा आठवड्यांसाठी टाकीचा चार्ज

जोधपूरच्या क्वार्टरमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा आमची माशांची टाकी बघून विचारतो, "सर, या उन्हाळ्यात पाणी कमी कसं होत नाही?" होतं की! दिवसाला ३ लिटर सहज उडतात. पण टाकीखाली संप असेल (हरताळवाला नव्हे, फिल्टरची खालची टाकी), तर वरची पातळी ओव्हरफ्लोच्या कडेवर ठरते. वर बादली ओतली तरी जास्तीचं पाणी कडेवरून खालीच जाणार. घट दिसते ती संपच्या शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात. आमचा तो कप्पा २० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ३ लिटर उडाले की पातळी ५ सेंटिमीटर खाली. दोन-तीन दिवस कोणी बघितलं नाही, तर पंप हवा ओढून गुरगुरायला लागतो.

पुढच्या आठवड्यात मी सहा आठवड्यांच्या एक्सरसाइजला निघतोय. टाकीचा चार्ज मुलीकडे, वय १२. बायकोने बजावलंय, हॉलमध्ये पाणी आलं तर पुढच्या पोस्टिंगला टाकी सोबत येणार नाही.

म्हणून काल आम्ही बापलेकीने मुद्दाम पंप बंद केला. वरची टाकी ९० बाय ४५, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला ४ लिटर. पाणी ४ सेंटिमीटर उतरलं. लाइट गेली की हे १६ लिटर संपमध्ये मावलेच पाहिजेत. मावले, वर चार बोटं जागाही उरली. पंप सुरू करून पाणी स्थिरावल्यावर कप्प्यावर मार्करने रेघ मारली : याच्या वर भरायचं नाही. भर घालायची ती आरओच्या पाण्याची, कारण पाणी उडतं, क्षार मागे राहतात.

"आणि पाइपला हे भोक?"

पंप थांबला की तोच पाइप वरचं पाणी उलटं खाली ओढतो. पातळी भोकापर्यंत आली की हवा शिरते आणि ओढ तुटते. भोक शेवाळाने बुजलं तर सगळा हिशेब चुकला. दर रविवारी टूथपिक घालायची, हे तिने वहीत लिहून घेतलं.

"बाबा, रात्री लाइट गेली तर उठू का?"

"पाणी रेघेच्या वर भरलं नसेल तर झोप खुशाल."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आणि मी?"