समुद्रप्रवासाची तरतूद

बँकेच्या ताळेबंदात ‘तरतूद’ या शब्दाला मोठे मोल असते. नफा किती झाला हे कोणीही सांगेल. परंतु उद्या काय अडू शकेल याचा अंदाज घेऊन आज काय बाजूला काढून ठेवले, यावरून संस्थेची पारख होते. पेढी चालविणाऱ्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. तरीही सहलीचे सामान भरताना हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. रेल्वेत विसरलेली वस्तू पुढच्या स्थानकावर मिळू शकते. समुद्रात पुढचे स्थानक नसते.

गेल्या डिसेंबरात आमच्या घरातील अकरा जणांनी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून निघून गोवा करून परतणारी, तीन रात्रींची जहाजसफर ठरविली. जहाजावर जैन भोजनाची सोय असल्याने मुले निश्चिंत होती. नाही म्हणाल्या त्या केवळ चौऱ्याहत्तर वर्षांच्या मोठ्या वहिनी. चौविहार आणि उकळलेले पाणी हे त्यांचे अनेक वर्षांचे नियम. त्या शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही सगळे जाऊन या. माझ्यामुळे तुमची पंगत मोडायला नको.” ज्यांनी हे घर बांधून ठेवले, त्यांनाच मागे ठेवून कुटुंबाची सहल कसली? नियम त्यांनी सैल करावयाचा नव्हता. व्यवस्था आम्ही करावयाची होती. म्हणून सामानाची यादी त्यांच्यापासूनच सुरू केली.

पहिली वस्तू म्हणजे दोन स्टीलचे थर्मास आणि पाणी गाळण्याचे स्वच्छ गरणे. आगीच्या भीतीमुळे जहाजाच्या खोलीत विजेची किटली व इस्त्री नेऊ देत नाहीत. त्यामुळे पाणी खोलीत उकळता येत नाही. ते भोजनगृहातून उकळून घ्यावे लागते. ही विनंती आम्ही तिकिटे काढतानाच लेखी केली होती. दुसरी वस्तू साधे मनगटी घड्याळ व सूर्यास्ताच्या वेळा लिहिलेला कागद. किनारा दूर गेला की मोबाइलचे जाळे तुटते. मुंबईत डिसेंबरच्या मध्यास सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. दक्षिणेकडे गोव्याजवळ तो थोडा उशिराच होतो. म्हणून मुंबईची वेळ पाळली तर नियमास बाध येत नाही. रात्रीचे भोजन उशिरा सुरू होई. त्यामुळे वहिनींचे ताट साडेपाचला मिळावे, हेही आधीच कळविले होते. घरून शिजविलेले अन्न नेण्यास जहाजांवर सहसा मनाई असते. खाकरे, चुरमुरे यांची बंद पाकिटे चालतील का, हे विचारूनच ती घेतली.

आता सर्वांच्या उपयोगाच्या गोष्टी. मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीत पोहोचावयास काही तास लागतात. म्हणून नेहमीची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ ओळखपत्रे, चष्मा आणि मुलांचा एक जोड कपडा हातातील पिशवीतच असावा. खोलीच्या भिंती बहुधा पोलादी असतात. त्यांवर लोहचुंबकाचे आकडे छान बसतात. टोप्या, पिशव्या, ओले टॉवेल त्यांवर टांगता येतात आणि लहानशी खोली मोकळी राहते. विजेचे खटके मोजकेच असल्याने एकाच वेळी तीन-चार फोन भारित करणारा चार्जर सोबत असावा. घरातील एक्स्टेंशन बोर्ड मात्र सहसा चालत नाही. आतल्या खोलीस खिडकी नसते, त्यामुळे दिवा मालवला की तेथे मिट्ट काळोख होतो. रात्री उठणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या उशाशी बॅटरीचा लहान दिवा ठेवावा. पडझडीच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना ‘बोट लागणे’ काय असते हे पक्के ठाऊक होते. त्यावरील गोळी डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या आधीच घ्यावी; मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी होतो. आमच्याकडे आले वर्ज्य, परंतु सुंठ चालते. सुंठ-गुळाच्या गोळ्यांची डबी आम्ही नेली, ती पहिल्याच रात्री अर्धी रिकामी झाली. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर खोली घेतल्यास हेलकावे कमी जाणवतात, हेही ध्यानात ठेवावे.

पहिल्या संध्याकाळी वहिनी एकट्याच साडेपाचला जेवावयास बसल्या. दुसऱ्या दिवशी दोन नातवंडे त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिसऱ्या संध्याकाळी अकराही ताटे सूर्यास्तापूर्वी मांडली गेली. कोणी कोणास सांगितले नव्हते. पंगत मोडण्याची भीती ज्यांना होती, त्यांच्याचभोवती ती जमली.

आपण अशा प्रवासास निघणार असाल, तर बाजारात जाण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचे नाव कागदावर लिहावे आणि त्यापुढे एकच प्रश्न मांडावा : याचे कोठे अडेल? त्याचे उत्तर हीच आपली जादा सामानाची यादी. तिचे वजन दोन-तीन किलोंहून अधिक भरत नाही; मात्र तिच्यामुळे घरातील कोणासही ‘तुम्ही जाऊन या’ असे म्हणावे लागत नाही.