मार थांबल्यानंतर

मारहाणीच्या घरातून बाई बाहेर पडते ती बहुधा अंगावरच्या साडीनिशी, लेकरू कडेवर घेऊन. कागद मागे राहतात. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, सगळं नवऱ्याच्या कपाटात. पुढे काहीही मागायला गेलं की आधी हेच कागद विचारतात. निघायचं मनात असेल तर कागदांच्या झेरॉक्स आधीच विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवाव्यात.

*

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 रोजी. घर कुणाच्याही नावावर असो, तिला तिथं राहण्याचा हक्क आहे. घर सासूसासऱ्यांचं असलं तरी तेवढ्यावरून तो हक्क नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्यासाठी बाईचं उत्पन्न पाहत नाहीत. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. तारखेला ती एकटी येते आणि समोर सासरची चार-पाच माणसं उभी असतात. तिच्या बाजूनंही वस्तीतल्या दोघी-तिघी हव्यात. त्यांनी बोलायचं काहीच नाही, नुसतं बाकावर बसायचं. थकून, घाबरून, नको त्या तडजोडीवर ती सही करते ती अशाच एकटेपणात.

*

संगमनेरला 1988 साली परित्यक्ता परिषद झाली. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या त्या लढ्यात ॲड. निशा शिवूरकर पुढे होत्या. ज्या दुःखाची चर्चा माजघरात दबक्या आवाजात व्हायची, ते भर सभेत आलं. माझ्या मते आधाराची खरी सुरुवात इथं होते: आपल्यासारख्या आणखी कितीजणी आहेत, हे डोळ्यांनी पाहण्यात.

*

"पाय घसरून पडले." दवाखान्यात हे वाक्य ऐकून नुसती मलमपट्टी करणं सोपं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र उभं केलं ते याच्या पुढचा प्रश्न विचारण्यासाठी. नवरा बाहेर थांबलेला असताना कुणीतरी शांतपणे विचारतं, घरी काय झालं?

*

माहेर म्हणतं, "जुळवून घे." राग येतो. पण भावाच्या दोन खोल्यांत ती, तिची मुलं, भावजय, म्हातारी आई, तिथं "किती दिवस?" हा प्रश्न कुणी न विचारताही घरभर असतो. तिला हवी असते स्वतःची खोली. एकट्या बाईला खोली देताना घरमालक हजार चौकशा करतात, आणि डिपॉझिट आणायचं कुठून? बचत गटाचं अंतर्गत कर्ज इथं कामी येतं. नवऱ्याची सही लागत नाही, शब्द द्यायला गटातल्या बायका असतात. शिलाई मशीन देऊन फोटो काढण्याआधी हे डिपॉझिट द्या, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

*

काहीजणी परत जातात. मुलांसाठी, भीतीनं, कधी खरोखर आशेनं. "आम्ही सांगितलं होतं" हे वाक्य तेव्हा कुणीही उच्चारू नये. हप्ता चुकला तरी गटातून नाव कापू नये. फोन उचलेनाशी झाली, तर दोघींनी हळदीकुंकवाचं निमित्त काढून तिच्या घरी जाऊन यावं. तिथं काही बरं दिसलं नाही, तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.